वाचकांचे प्रश्न : गाणे राहिले बाजूला

गेल्या अंकात आम्ही तात्सुकी फुजिमोतो यांनी लिहिलेल्या आणि ओतो तोदा यांनी चितारलेल्या एका छोट्या मांगाकथेचा (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) परिचय करून दिला होता. ‘जस्ट लिसन टू द साँग’ या नावाने इंग्रजीत गेलेली ही कथा ४ जुलै २०२२ रोजी जपानच्या शुएइशा प्रकाशनाच्या ‘शोनेन जंप प्लस’ या ऑनलाइन नियतकालिकात आली. एक शाळकरी मुलगा आपल्याला आवडणाऱ्या मुलीसाठी प्रेमगीत रचतो आणि ते गातानाची चित्रफीत यूट्यूबवर टाकतो. मुलगी त्याला नकार देते. मात्र चित्रफितीत मागे भूत दिसते अशी आवई उठते, ती फीत जगभर पसरते, आणि मग लोक तिच्यातून एकाहून एक गहन अर्थ काढू लागतात. या परिचयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : फुजिमोतो यांच्या कथांचे विश्लेषण करणाऱ्या चित्रफिती मी आवडीने पाहतो. या कथेवरही तशा चित्रफिती आहेत आणि त्यांत ती ‘लेखकाने आपल्याच वाचकांना लगावलेली चपराक’ असल्याचे सांगितले जाते. म्हणजे अर्थ काढू नका असे सांगणाऱ्या कथेचाही पुन्हा अर्थच काढला गेला. मग अर्थ शोधणे हेच मुळात चूक आहे, असे समजावे का?
(एक महाविद्यालयीन वाचक)

उत्तर : अर्थ शोधणे चूक नाही, आणि ही कथा तसे सांगते असेही आम्हाला वाटत नाही. कथेतले प्रेक्षक गाण्याच्या फार खोलात शिरतात अशी तक्रार करायला तेथे जागाच नाही, कारण ते गाण्यात शिरतच नाहीत. त्यांची नजर गाणाऱ्याच्या पाठीमागे काय दिसते यावर खिळलेली असते, आणि ज्या शब्दांसाठी व ज्या चालीसाठी त्या मुलाने एवढी धडपड केली, त्यांची दखल घ्यायला कोणाला सवडच होत नाही. वाचताना आम्हाला सर्वांत जास्त लागले ते हेच. त्या मुलाला नकार पचवता आला असता, कारण ज्या मुलीने तो दिला तिच्यापर्यंत निदान गाण्याचा हेतू तरी पोचला होता. पुढे जे कौतुक त्याच्या वाट्याला येते त्यात मात्र त्याने केलेले असे काहीच नसते.

‘चपराक’ या तर्काला आधार देणारा एक कालक्रम आहे, हे मान्य करायला हवे. फुजिमोतो यांची ‘लुक बॅक’ ही दीर्घ एककथा १९ जुलै २०२१ रोजी प्रसिद्ध झाली. क्योतो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओला १८ जुलै २०१९ रोजी लावलेल्या आगीत ३६ जणांचा बळी गेला होता, आणि कथेतही कलाविद्यालयात घुसून केलेला हल्ला असल्यामुळे वाचकांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. कथेतल्या हल्लेखोराच्या चित्रणामुळे मानसिक आजाराविषयीचे गैरसमज बळावतील असा आक्षेप काही वाचकांनी घेतला, तेव्हा संपादकांनी ऑगस्टमध्ये त्याचे संवाद बदलले, आणि पुढे पुस्तकरूपाने कथा येताना त्यांत पुन्हा फेरफार झाला. या घडामोडींना जेमतेम वर्ष होत असताना गाणाऱ्या मुलाची ही कथा आली, आणि तिच्यानंतर नऊच दिवसांनी, १३ जुलै २०२२ रोजी, ‘चेनसॉ मॅन’ या त्यांच्या गाजलेल्या मालिकेचा दुसरा भाग सुरू झाला. एवढा क्रम पाहून ‘हे आपल्यालाच उद्देशून आहे’ असे एखाद्या वाचकाला वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

पण क्रम म्हणजे पुरावा नव्हे. आपण त्या विश्लेषणाच्या चित्रफिती पाहाल तेव्हा एवढेच तपासावे, की बोलणारा आपल्याला कथेकडे परत पाठवतो आहे की कथेपासून दूर नेतो आहे. ‘लुक बॅक’मध्ये नायिका मेजाशी बसून चित्र काढते आहे आणि आपल्याला तिची फक्त पाठ दिसते, अशी चौकट वारंवार येते. खिडकीबाहेरचे ऋतू बदलतात, खोलीतल्या वस्तू बदलतात, पाठ तशीच वाकलेली राहते. कोणी ही गोष्ट दाखवून दिली की आपण पाने मागे उलटून त्या चौकटी पुन्हा पाहतो, आणि पहिल्या वाचनात जे श्रम नजरेतून सुटले होते ते आता दिसू लागतात. असे विश्लेषण हे वाचनच आहे आणि ते जितके मिळेल तितके हवे. याउलट, लेखकाचे संपादकांशी कधी बिनसले असावे, अमुक पात्र म्हणजे प्रत्यक्षातला अमुक माणूस असावा, अशा तर्कांच्या मागे लागलेला वाचक तासाभराने कथेपासून कोसभर लांब गेलेला असतो, आणि तिथून तिची एकही चौकट त्याला दिसत नाही.

प्रश्न : चित्रे फुजिमोतो यांची नाहीत हे परिचयातून कळले. त्यांच्या कथेला दुसऱ्याची चित्रे का?
(एक वाचक)

उत्तर : जपानी मांगामध्ये लेखक एक आणि चित्रकार दुसरा, ही रीत जुनीच आहे. एका बैठकीत संपणाऱ्या अशा कथेला तिथे ‘योमिकिरी’ म्हणतात. नव्या चित्रकारांची ओळख वाचकांना व्हावी आणि रुळलेल्या लेखकांना मालिकेबाहेर काही करून पाहता यावे, यासाठी नियतकालिके ती छापत असतात. तोदा यांच्या स्वतंत्र कथाही उपलब्ध आहेत आणि त्या आवर्जून वाचाव्यात.

प्रश्न : माझे वडील म्हणतात की हे सगळे यूट्यूबमुळे झाले, आमच्या वेळी लोक गाणी ऐकत असत. मला ते पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. शिवाय, कथेत नेमके भूतच का आणले असावे?
(एक वाचक)

उत्तर : आपल्या वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. १९६९च्या शरद ऋतूत, यूट्यूबचा मागमूसही नव्हता तेव्हा, बीटल्स या गटातला पॉल मॅकार्टनी मरण पावला असून त्याच्या जागी तोतया उभा केला आहे, अशी अफवा अमेरिकेत पसरली. तिचे पुरावे लोकांनी ‘अ‍ॅबी रोड’ या त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या तबकडीच्या वेष्टनावर शोधले. रस्ता ओलांडणाऱ्या चौघांत मॅकार्टनी अनवाणी आहे, म्हणजे तो प्रेत असला पाहिजे. मागे उभ्या असलेल्या मोटारीच्या पाटीवर ‘२८ आयएफ’ अशी अक्षरे आहेत, म्हणजे तो जिवंत असता तर २८ वर्षांचा असता. मॅकार्टनीचा जन्म जून १९४२चा. तबकडी निघाली तेव्हा तो २७ वर्षांचा होता. साध्या वजाबाकीत हा पुरावा कोसळायला हवा होता, पण तर्क लढवणाऱ्यांनी गर्भातले महिने वयात धरले आणि हिशेब जुळवून घेतला. त्या दिवशी उकडत होते म्हणून चप्पल काढली, हे मॅकार्टनीचे साधे स्पष्टीकरण कोणाला पुरले नाही. अखेर ‘लाइफ’ नियतकालिकाने त्याला स्कॉटलंडमधल्या शेतावर गाठून ७ नोव्हेंबर १९६९च्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याचे कुटुंबासह छायाचित्र छापले, आणि तरीही ती अफवा समूळ गेली नाही. तबकडीवरच्या गाण्यांत त्या वेष्टनापेक्षा ऐकण्यासारखे कितीतरी होते, ही गोष्ट त्या धांदलीत ज्यांच्या हातून निसटली त्यांच्याविषयी वाईट वाटते.

भुताचे म्हणाल तर जपानी वाचकाला ते अनोळखी नाही. छायाचित्राच्या कोपऱ्यात अवचित दिसणारा चेहरा, खांद्यावरचा कोणाचाच नसलेला हात, अशा छायाचित्रांना तिथे ‘शिनरेइ शाशिन’ म्हणतात, आणि १९७०च्या दशकात पुस्तकांतून व दूरचित्रवाणीवरून त्यांचे मोठे वेड पसरले होते. अंधुक आकारात चेहरा पाहणे हा मानवी नजरेचा स्वभावच आहे, कारण चेहरा चटकन ओळखणे आपल्याला जन्मापासून लागते. तेव्हा चित्रफितीत भूत पाहणारे लोक कथेत आले ते हवेतून आलेले नाहीत. बीटल्सच्या गोष्टीतही लोक चित्राच्या मागच्या भागात मेलेला माणूसच शोधत होते, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. मृत्यूचा नुसता वास आला तरी समोर गाणाऱ्या माणसाचा आवाज मागे पडतो.

आता वडिलांच्या म्हणण्यातले तथ्य. पूर्वी अशी अफवा कर्णोपकर्णी, महाविद्यालयांची वृत्तपत्रे आणि नभोवाणी यांच्या आधारे फिरे, आणि तिच्यामुळे गाण्याच्या वाटेत बदल होत नसे. आज ज्या यंत्रणा कोणाला काय दाखवायचे ते ठरवतात, त्या प्रेक्षक किती वेळ थांबला यावर बरेच अवलंबून असतात. यूट्यूबने २०१२मध्ये शिफारशींसाठी नुसत्या ‘व्ह्यूज’ऐवजी पाहण्याच्या कालावधीला महत्त्व द्यायला सुरुवात केली. फसव्या मथळ्यांना आळा बसावा हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण भूत शोधणारा माणूस चित्रफीत थांबवतो, मागे नेतो, पुन्हा पाहतो, कोणत्या सेकंदाला काय दिसते ते प्रतिक्रियेत लिहितो, मित्रांना पाठवतो. डोळे मिटून एकदा गाणे ऐकणारा आणि थोडा वेळ गप्प बसणारा माणूस यांपैकी काहीच करत नाही. यंत्रणेच्या नोंदीत पहिला कितीतरी अधिक भरतो, आणि म्हणून पुढची शिफारस त्याच्यासारख्यांसाठी निघते. ‘कोसात्सु’ म्हणजे अशा उकली करणे हा जपानमध्ये आता स्वतंत्र प्रकारच झाला आहे. त्याची स्वतःची वाहिनी असते, स्वतःचे चाहते असतात, आणि काही वेळा मूळ कृतीपेक्षा उकल आधी पाहिली जाते. वडिलांना सांगावे की रसिक बदलला नाही, पण त्याच्या कोणत्या सवयीला खतपाणी घालायचे हे ठरवणारे नवे कोणीतरी आले आहे.

प्रश्न : मी कविता शिकवते. ‘प्रत्येक वाचकाचा अर्थ त्याचा स्वतःचा’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या तोंडी इतके बसले आहे की उत्तरपत्रिकेत वाटेल ते लिहून ते मोकळे होतात. टोकले तर ‘मग कवीला विचारा’ म्हणतात. मर्यादा कोठे घालावी?
(एक शिक्षिका)

उत्तर : कवीला विचारून हा प्रश्न सुटत नाही, यात विद्यार्थी नकळत बरोबर आहेत. विमसॅट आणि बियर्ड्‌स्ली या अमेरिकन समीक्षकांनी १९४६मध्येच असे मांडले, की लेखकाचा हेतू आपल्याला सहसा उपलब्ध नसतो आणि कृतीचे मोल ठरवण्याची ती कसोटीही नव्हे. पण हेतूची कसोटी काढून घेतली म्हणून कसोटीच उरली नाही, असे होत नाही. ती कृतीच्या शब्दांत उरते.

हे वर्गात दाखवायला आपल्याकडे नवव्या शतकातला संस्कृत काव्यमीमांसक आनंदवर्धन आहे. ‘ध्वन्यालोका’त त्याने व्यंग्यार्थाचे, म्हणजे शब्दांतून नुसत्या सुचणाऱ्या अर्थाचे, उदाहरण म्हणून जी प्राकृत गाथा घेतली ती हालाच्या ‘गाथासप्तशती’तली आहे. एक स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते, की आता खुशाल हिंड, तुला त्रास देणारे ते कुत्रे गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या मस्तवाल सिंहाने मारून टाकले. शब्द म्हणतात ‘हिंड’, अर्थ निघतो ‘तिकडे फिरकू नकोस’. वाच्यार्थाच्या थेट उलट अर्थ निघाला, तरी तो कोणाच्या लहरीवर निघालेला नाही. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाला अधिक भिणार, आणि सिंह कोठे राहतो ते तिने मुद्दाम सांगितले आहे. त्या झाडीत तिला एकांत हवा आहे हेही त्यातूनच सुचते. गाथेतला एक शब्द काढा, अर्थ ढासळतो. आनंदवर्धन म्हणतो, की ज्याला उजेड हवा असतो तो दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो. तसा ज्याला व्यंग्यार्थ हवा त्याने वाच्यार्थाची काळजी घ्यावी. आपल्या विद्यार्थ्यांना ज्योत न लावता उजेड हवा आहे.

तरुण मुलांना मांगाचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल, म्हणून तेही देतो. ‘लुक बॅक’च्या पहिल्या चौकटीत वर्गातल्या फळ्यावर ‘डोन्ट’ हा इंग्रजी शब्द दिसतो आणि शेवटच्या पानावर जमिनीवरच्या वस्तूंत ‘इन अँगर’ हे शब्द. मध्ये कथेचे नाव ठेवले की ओअ‍ॅसिस या ब्रिटिश गटाच्या एका प्रसिद्ध गाण्याचे शीर्षक पुरे होते, आणि संतापाने मागे वळून पाहू नये हा त्याचा रोख दुःखातून सावरणाऱ्या नायिकेच्या कथेला लागू पडतो. हेही पार्श्वभूमीतले शोधकाम आहे आणि वरवर पाहता भूत शोधण्यासारखेच दिसते. पण ते शब्द पानावर आहेत, कथेच्या दोन टोकांना ठेवलेले आहेत, आणि सापडल्यावर कथेच्या गाभ्याशी येऊन मिळतात. मोटारीच्या पाटीवरचे ‘२८’ गाण्यांतल्या कशालाच येऊन मिळत नाही. विद्यार्थ्यांना दोन्ही उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून विचारावे, की सापडलेली गोष्ट काढून घेतली तर कृतीचे काय बिघडते. गुण देताना अर्थ कोणता निघाला यापेक्षा तो कोणत्या ओळीवरून निघाला हे लिहायला लावले, तर वाटेल ते लिहिणारी पेनेही हळूहळू ओळींकडे वळतात.

प्रश्न : मी हौसेने चित्रकथा काढते. माझी चार चौकटींची एक कथा अनपेक्षितपणे फार पसरली. शेवटच्या चौकटीत एक रिकामी खुर्ची आहे. माझ्या मनात तिथे कोणी नुकतेच उठून दार उघडायला गेले होते. चौथ्या चौकटीत दाराची घंटा वाजते आहे. पण वाचकांनी ती खुर्ची माझ्या वारलेल्या आईची ठरवली. आई धडधाकट आहे. सांत्वनाचे निरोप येत आहेत, आणि काही जण पुढच्या भागात ‘बाबांची खुर्ची’ मागत आहेत. खरे सांगितले तर लोक हिरमुसतील आणि आलेले वाचक जातील, अशी भीती वाटते. ज्यांनी खुर्चीबद्दल काही न म्हणता चित्राबद्दल लिहिले असे फार थोडे आहेत. एकाने तर तिसऱ्या चौकटीत उजेड दुसऱ्या बाजूने का येतो, एवढेच विचारले आहे.
(एक चित्रकार)

उत्तर : दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. आपली आई हयात आहे ही वस्तुस्थिती आहे, आणि कोणी आपल्या जिवंत आईचा शोक करत असेल तर ते आजच, एकदाच, सरळ शब्दांत दुरुस्त करावे. लोकांनी मनापासून निरोप पाठवले आहेत, म्हणून त्यात आभार असावेत आणि खिल्ली नसावी. आपण गप्प राहिलात तर आज जे प्रेमाने लिहीत आहेत त्यांनाच उद्या फसवले गेल्यासारखे वाटेल, आणि ती कटुता हिरमुसण्यापेक्षा फार वाईट. रिकाम्या खुर्चीत कोणाला आपल्याच घरातले गेलेले माणूस आठवले, तर मात्र ती त्याची आठवण आहे. तिला हरकत घेऊ नये आणि खुर्चीचा ‘खरा अर्थ’ घोषितही करू नये. घंटा चित्रात आहे. ज्याला पाहायची तो पाहील.

‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ या १९९५च्या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतले क्रूस आणि बायबलमधली नावे यांवर वर्षानुवर्षे लिहिले गेले. साहाय्यक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी पुढे एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले, की ही चिन्हे वेगळी आणि आकर्षक दिसतात म्हणून घेतली, चमूत कोणी ख्रिश्चन नव्हते. आकाश फोडून उठणाऱ्या क्रूसाच्या आकाराच्या ज्वाळांनी ज्याच्या अंगावर काटा आला, त्याचा काटा त्यामुळे खोटा ठरला नाही, आणि मालिकाही लहान झाली नाही. खरे सांगितल्याने वाचक तुटतातच, असे मुळीच नाही.

दुसरी गोष्ट पुढच्या भागाची. बाबांची खुर्ची काढू नका. अर्थ शोधणाऱ्यांना चकवण्यासाठी मुद्दाम खोट्या खुणा पेरण्याचा मोहही टाळावा. बीटल्समधल्या जॉन लेननच्या जुन्या शाळेत त्यांच्या गीतांची चिकित्सा करवून घेतात हे एका विद्यार्थ्याच्या पत्रातून कळल्यावर लेननने १९६७मध्ये ‘आय अ‍ॅम द वॉलरस’ हे गाणे मुद्दाम दुर्बोध केले, आणि पुढच्या वर्षी ‘ग्लास अनियन’मध्ये तो वॉलरस म्हणजे पॉल होता अशी हुलकावणी दिली. १९६९मध्ये मॅकार्टनीच्या मृत्यूची अफवा उठली तेव्हा शोधणाऱ्यांनी हीच ओळ पुरावा म्हणून पुढे केली. थट्टा करणाऱ्याचा सूर मागे राहतो, खूण मात्र पुढे जाते.

आपल्या मनात पुढची जी कथा असेल ती काढावी, आणि तिच्यावर कमी लोक येतील हे धरून चालावे. जे खुर्चीसाठी आले ते खुर्ची नसेल तिथे थांबणार नाहीत, आणि त्यांच्या जाण्यावरून चित्र वाईट झाले असे ठरत नाही. त्या मोठ्या आकड्यांतले किती आपल्या रेषेसाठी आले होते, हे आपल्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यावरून आपल्यालाही कळले आहे. प्रतिक्रियांना उत्तरे द्यायला वेळ अपुरा असेल, तर उजेडाबद्दल विचारणाऱ्या त्या वाचकाला आधी लिहावे. आम्ही आपण पाठवलेली प्रत पुन्हा पाहिली. पहिल्या दोन चौकटींत सावली उजवीकडे पडते आणि तिसरीत डावीकडे, आणि तसे का केले हे जाणून घ्यायची आम्हालाही उत्सुकता आहे.